सातव्या मजल्याचा कठडा

"सातव्या मजल्यावर, लिफ्टच्या खड्ड्याला कठडा दाखव. तारीख मागच्या महिन्याची टाक," बिल्डर म्हणाला. दादानं मान डोलावली. आमचं ऑफिस बिल्डिंगची थ्रीडी मॉडेलं बनवतं, आणि सगळी कामं याच बिल्डरची.

मी ओरडलो, "दादा, तिथं कठडा नव्हता. म्हणून तर माणूस पडून मेला."

"तू गप. दहावी झाली नाही, चालला शिकवायला."

दोन क्लिकमध्ये स्क्रीनवर पिवळा कठडा उभा राहिला. मग मेलेल्या मजुराच्या बायकोला आत बोलावलं.

"बघ बाई, आमच्याकडनं सगळं नीट होतं," बिल्डर म्हणाला.

तिनं स्क्रीनवरच्या कठड्यावरून बोट फिरवलं.

"एवढा उंच? मग चुकून नाही पडले ते."

तिनं बोट मागं घेतलं.

"त्या दिवशी सकाळी मी त्यांना लई टाकून बोलले होते," ती म्हणाली, आणि खालीच बसली.