कोपऱ्यावरचा काशिराम

टीव्हीवर पंचांनी शिट्टी फुंकून पेनल्टी दिली आणि सुकापूरला जनीच्या अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. पेनल्टी आपल्याच पोरीच्या संघाविरुद्ध होती. टाळ्या त्यासाठीच होत्या.

त्र्याण्णवावं मिनिट चालू होतं. इंग्लंडच्या चौथ्या पायरीच्या लीगमधला एल्डन टाऊन हा संघ एक-एक असा बरोबरीत होता. बरोबरी टिकली तर संघ लीगमध्ये राहणार, गोल बसला तर बाहेर. सेहेचाळीस सामन्यांचा हंगाम एका लाथेवर येऊन ठेपला होता.

जनीनं शेजारणीचा हात घट्ट धरला. तिची लेक समीक्षा या संघात कामाला होती. खेळाडू म्हणून नव्हे. समोरचे संघ कसे खेळतात याचे व्हिडिओ बघायचे आणि प्रशिक्षकाला सांगायचं, हे तिचं काम. तीन वर्षं झाली, पोरगी गणपतीलासुद्धा घरी आली नव्हती. मार्चमध्ये तिचा फोन आला. म्हणाली, "आई, संघ खाली गेला तर माझी जागा जाईल. मंग मला घरीच यायला लागंल."

जनीनं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं आणि देव पाण्यात घातले. नुसतं म्हणायला नाही, खरोखरच तांब्याच्या घंगाळात घातले. शेजारणीला कळलं, मग भावकीला कळलं, आणि गाव करील ते राव काय करील! एप्रिलभर अख्खी आळी एल्डन टाऊनच्या पराभवासाठी नवस बोलत होती. फुटबॉलचे नियम एकालाही धड ठाऊक नव्हते. पण त्यांनी गोल खाल्ला की आपली समी एक पाऊल जवळ आली, एवढं सगळ्यांना समजत होतं. आणि तो मेला संघ! मार्चपर्यंत तळाला होता, नवस सुरू झाल्याबरोबर जिंकायला लागला.

समीचा बाप काशिराम या सगळ्यात गप्प होता. ऐन उमेदीत तो तालुक्यात कबड्डीचा कोपरारक्षक म्हणून गाजलेला. चढाईवाला कुठं झेपावणार हे तो पायांवरून ओळखायचा. समी दहा वर्षांची असताना त्यानंच तिला मैदानात उतरवलं. लोक हसले, त्यानं ऐकलं नाही. आता त्याचे गुडघे गेले होते. मैदानावर टॉवर उभा राहिला होता. खेळाचं बोलायला घरात माणूस नव्हतं. "समी व्हती तवा बोलाया तरी मिलायचा," असं तो एकदा जेवताना म्हणाला आणि ताटावरून उठला. म्हणून सगळे धरूनच चालले होते की पोरगी परत यावी ही सगळ्यांत जास्त आस त्यालाच आहे. ते खरंही होतं. गेले दोन दिवस तो मोबाइलला नाक लावून बसला होता. जनीला वाटलं, विमानाची तिकिटं बघतोय.

"काका, आली बघा समी!" पुतण्या परेश ओरडला. टीव्ही अंगणात त्यानंच आणला होता. "खोली रंगवली ती फुकट नाय गेली!"

"गप रे," काशिराम म्हणाला. तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला होता.

पडद्यावर पेनल्टी घेणारा गडी चेंडूमागे उभा राहिला. धावला. गोलकीपर हललाच नाही. आळीला वाटलं, घाबरून गोठला. मग अगदी शेवटच्या क्षणी त्यानं डाव्या अंगाला झेप घेतली, चेंडू त्याच्या दोन्ही पंजांवर आदळला आणि बाहेर गेला. लगेच शेवटची शिट्टी झाली. एल्डन टाऊन वाचलं.

अंगणात सुतकी शांतता पसरली. त्या शांततेत एकाच माणसानं मांडीवर शड्डू ठोकला. काशिरामनं.

तिकडे लोक मैदानात उतरले होते. गोलकीपर गर्दी फाडत पळत गेला आणि लॅपटॉपची बॅग लटकवलेल्या एका ठेंगण्या, सावळ्या मुलीला त्यानं खांद्यावर उचलून घेतलं. हजारो माणसं तिच्याकडे बघून गात होती.

"अगो बाय, ही आपली समी!" जनी उठून उभी राहिली. पोरीला इतकं हसताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि आपण काय मागत होतो याची तिला लाज वाटली. तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग परेशनं, मग सगळ्या आळीनं. नवस फसल्याचा एवढा आनंद त्या गावाला आधी कधी झाला नसेल.

काशिरामचा मोबाइल वाजला. व्हिडिओत समीचा चेहरा, घामानं आणि अश्रूंनी भिजलेला. आवाज पार बसला होता.

"बाबा, टाच! मी धाडलेले व्हिडिओ बघून तुमी सांगितलं तसंच झालं! पलायच्या आधी पेनल्टी मारनाऱ्यानं टाच उचलली, तवाच चेंडू कुठं जानार ते कललं, आनि आमचा गोलकीपर थांबून थांबून तिकडंच पडला!"

आळी काशिरामकडे बघायला लागली. जनीच्या टाळ्या थांबल्या. "म्हंजे हे तुमी सांगितलं तिला?"

काशिरामनं मान डोलावली. फोनमध्ये समीनं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुमी गप बसला असता, तर मी या महिन्यात घरी असते. मी नको का तुमाला?"

काशिरामनं फोन तोंडाजवळ नेला. त्याची मान ताठ होती.

"पायजेस गो. रोज पायजेस. पन हरलेली नको."