खोपीतले चार दिवस

"उठत नाही म्हणते," नत्थुजी आईला म्हणाला. "उद्या सीतादही, अन् ही आजच दूर बसली!"

परसातल्या खोपीपर्यंत ऐकू जावं म्हणूनच तो मोठ्यानं बोलला. ते ऐकू गेलंच. आत त्याची बायको मनकर्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला राग आला नाही. भीतीही नीटशी वाटली नाही. आजकाल तिला काहीच नीटसं वाटत नसे.

कार्तिक लागला होता. दर्यापूरकडची सगळी काळी माती कापसानं पांढरी झाली होती. सातासमुद्रापार कुठल्यातरी देशात लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीचे व्यापारी गाड्या वाटेतच अडवून माल घेत होते. पण पहिली वेचणी करायची तर आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि तोही घरच्या सवाष्णीनंच. तीच सीतादही. नत्थुजीची आई तानुबाई विधवा. मुली सासरी गेलेल्या. म्हणजे घरात सवाष्ण एकच, आणि ती विटाळात.

निदान ती तसं सांगत होती. खरं तर मनकर्णाची पाळी जाऊन वर्ष होत आलं होतं.

आधी तिला वाटलं, या वयात पोटात राहिलं की काय. ती लाजेनं मेली. तसं काही नाही हे कळलं, तोवर भलतंच सुरू झालं. छातीतून आगीचा लोळ उठायचा आणि कानांपर्यंत जायचा. बाया थंडीनं घोंगड्या ओढून बसत, तेव्हा ही घामानं निथळायची. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. छाती धडधडे. चुलीवर काय ठेवलं ते विसरून जाई. एकदा भाकरी करपली म्हणून नत्थुजी नुसता हसला, तर तिनं तापला तवा अंगणात भिरकावला. सोन्याच्या पाटल्या आल्या त्या दिवशी बघायला गाव लोटलं. तिनं हात पुढे केला, पाटल्या घालून घेतल्या आणि भांडी घासायला निघून गेली.

हे कोणाला सांगायचं, आणि काय म्हणून सांगायचं? तिच्याच जोडीच्या जयवंताला सगळे म्हणत, सुटली बापडी, मोकळी झाली. मोकळी झाली म्हणजे आता महिन्याचे सगळे दिवस कामाला.

मग एकदा, पाळी नसतानाही, एरवी ती यायची त्या दिवसांत ती सवयीनं खोपीत जाऊन बसली. तिथं कोणी हाक मारली नाही. उशाशी पाण्याचा घडा होता, अंगाखाली सारवलेली गार जमीन होती. ती दिवसभर झोपली. चौथ्या दिवशी न्हाऊन बाहेर आली तेव्हा पुन्हा माणसांत आल्यासारखी दिसत होती. तेव्हापासून ती दर महिन्याला बसू लागली. हे पाप आहे हे तिला माहीत होतं. पण खोपी गेली तर झोप गेली, आणि झोप गेली तर आपण एक दिवस विहीर जवळ करू, हेही तिला तितकंच माहीत होतं.

"जयवंता हिच्याच वयाची," बाहेर नत्थुजीचं चालूच होतं. "ते कधीची सुटली. हिचंच कसं ऐन वेचणीत येते? माय, तू पाहून ये. खोटं असंन तर आजच न्हाऊ घाल तिले."

मनकर्णा उठून बसली. नवऱ्याला बनवता येतं. तानुबाईला कोण बनवणार? विटाळ पाळण्यात त्या म्हातारीचा हात गावात कोणी धरू शकत नव्हतं. एकदा मनकर्णाच्या पदराचं टोक घड्याला लागलं, तर तिनं घरातलं सगळं पाणी ओतून दिलं होतं. खोपीच्या आसपास कोणी फिरकलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. कोण बसली, कधी बसली, फडकी कुठं वाळत घातली, सगळ्यावर तिची नजर. आणि गेलं वर्षभर या घरात फडकी वाळलीच नव्हती.

तानुबाई आली आणि खोपीच्या दाराशी उभी राहिली. मनकर्णानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात छातीतून तो लोळ उठला. चेहरा लालबुंद झाला, घाम मानेवरून ओघळला. म्हातारी बघत राहिली. संपलं आता, मनकर्णाला वाटलं. तेही दुसऱ्याच कोणाचं तरी संपल्यासारखं वाटलं.

तानुबाई अंगणाकडे वळून ओरडली, "खरं हाये रे! चार दिवस थांब. तुहा कापूस काही पळून नाही जात!"

बाहेर नत्थुजी काहीतरी पुटपुटला आणि त्याची पावलं दूर गेली.

मग म्हातारी वाकून आत आली. सुनेच्या शेजारी टेकली आणि आपल्या पदरानं तिची मान पुसू लागली.

मनकर्णा दचकून मागे सरकली. "आत्याबाई, शिवू नका! विटाळ हाये मले."

तानुबाईनं घड्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि सुनेच्या कपाळावर थापलं.

"मले सांगतं विटाळ?" ती हळूच म्हणाली. "तुहा सासरा मरेपर्यंत दर महिन्याले इथं बसली मी. साठीले टेकली होती, तरी बसली. कोणाची इचारायची छाती नाही झाली. मंग या घरात विटाळ एवढा कडक कायले ठेवला मी?"