फुटपाथवरच्या दोन खुर्च्या

"थांब, थांब. गाडी इथेच लाव," प्रताप म्हणाला.

शंतनूने व्हॅन कडेला घेतली. २०१० सालची पहिली जुलै. या दिवशी अर्धं मॉन्ट्रियल घर बदलतं आणि नको असलेलं सामान फुटपाथवर सोडून जातं. ज्याला हवं त्याने उचलावं, असा इथला रिवाज. प्रताप दरवर्षी ब्रॉसार्डहून पूल ओलांडून यायचा आणि गल्ल्या पालथ्या घालायचा. यंदा सोबत मुलगा होता. "व्हर्डनला जाऊ, बाबा. तिकडे बरीच घरं हलतात," असं त्यानेच सुचवलं होतं.

विजेच्या खांबाजवळ दोन खुर्च्या उभ्या होत्या. काळ्या, अरुंद, पाठ माणसाच्या छातीपर्यंत उंच. जमिनीपासून वर चढत गेलेल्या आडव्या पट्ट्या आणि माथ्यावर चौकटींची जाळी.

"ग्लासगोच्या मॅकिंटॉशचं डिझाइन आहे हे. शंभर वर्षं जुनं," प्रताप म्हणाला. "या काही मूळच्या नाहीत, कुणीतरी घरी केल्यात. पण काय केल्यात बघ. सांध्यात नख शिरणार नाही."

"मग टाकल्या कुणी?"

"टाकल्या कुठल्यातरी गाढवाने. पण ज्याने केल्या त्याच्या हाताला नमस्कार. असा माणूस भेटला तर मी त्याच्यापुढे मांडी घालून शिकायला बसेन."

शंतनूने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि व्हॅनचं मागचं दार उघडलं.

प्रताप विमानाच्या कंपनीत इंजिनिअर होता, पण जीव सगळा लाकडात. स्वतःच्या नजरेवर त्याचा भारी विश्वास. मतंही तशीच, एकदा ठोकली की ठोकली. सध्याचं सगळ्यात पक्कं मत म्हणजे शंतनूने सेलीनशी लग्न करायचं नाही. मुलगी गुणी होती, मूळची वसईची, घरात मराठीच बोलायची. पण ख्रिश्चन. "घरं जुळत नाहीत," एवढं म्हणून त्याने विषय मिटवला होता. तिची आई नव्हती, बापलेक दोघंच. त्या बापाला भेटायलाही प्रताप तयार नव्हता. ते राहतात कुठे, हेसुद्धा त्याने कधी विचारलं नव्हतं.

अरुणाने नवऱ्याला समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोलाही धरला. शंतनूने मात्र एकदाच सांगितलं होतं, "तुम्ही हो म्हटल्याशिवाय आम्ही लग्न करणार नाही." म्हणजे सगळं घोडं प्रतापच्या होकारापाशी अडलेलं. आणि खरं सांगायचं तर प्रतापला ते जरा आवडतही होतं.

खुर्च्या जेवणाच्या टेबलाशी लागल्या. आल्यागेल्याला प्रताप त्यांचं कौतुक ऐकवी, करणाऱ्याचे गोडवे गाई. लोक जांभया आवरत माना डोलवत.

दुसऱ्या रविवारी नाश्ता करताना शंतनू म्हणाला, "सेलीनचे डॅडी फार अपसेट आहेत. एक तारखेला मूव्ह झाले ना, त्यात त्यांच्या दोन खुर्च्या कुणीतरी उचलून नेल्या. अख्खा विंटर खपून स्वतः बनवल्या होत्या."

"कसल्या खुर्च्या?" अरुणाने विचारलं.

प्रताप ज्या खुर्चीत बसला होता तिच्याकडे शंतनूने बोट दाखवलं.

प्रतापच्या हातातला घास हातातच राहिला. "राहायचे कुठे ते?"

"व्हर्डनला."

अरुणाने कपाळावर हात मारला. "झालं. आता तर संपलंच सगळं. त्यांच्या घरचा माल आणून त्यावर पोहे खातोय आपण."

"मी चोर नाही," प्रताप म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता. "त्यांना फोन लाव. जेवायलाच बोलवू. मी स्वतः सांगतो काय ते."

संध्याकाळी सेलीनचा बाप सिरील आला. बँकेत नोकरी करणारा, चष्मेवाला, कमी बोलणारा गृहस्थ. हातात वसईहून आलेल्या सुकेळ्यांची पुडी, मागे सेलीन. दारातूनच त्याला खुर्च्या दिसल्या आणि तो थबकला.

प्रतापने हात जोडले. "तुमच्या खुर्च्या मीच उचलल्या. टाकलेल्या समजलो. चूक माझी. पण साहेब, ही जाळी तुम्ही बसवली कशी, तेवढं सांगाच."

सिरीलने त्याच्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसला आणि खुर्ची आडवी केली. पाच मिनिटांत दोघेही जमिनीवर बसून पट्ट्या चाचपत होते. अरुणाने तीनदा हाक मारली. आमटी गार झाली. शेवटी पानावर बसल्यावर सिरील म्हणाला, "खरं सांगू? माझाही या लग्नाला विरोधच होता. म्हटलं, ज्यांना भेटायचंसुद्धा नाही त्यांच्या घरी मुलगी कशाला पाठवू?"

"चुकलंच माझं," प्रताप म्हणाला. असं म्हणायची त्याला सवय नव्हती. "माझ्याकडून हो आहे. तुमचं सांगा."

"आता काय सांगायचं राहिलंय," सिरील हसला. "एक खुर्ची तुमच्याकडे राहू द्या. एक मी नेतो. त्या निमित्ताने जाणंयेणं राहील."

अरुणाने पदराने डोळे टिपले आणि सगळ्यांच्या वाटीत जास्तीचं श्रीखंड घातलं.

जेवणं झाल्यावर शंतनू आणि सेलीन एक खुर्ची घेऊन सिरीलच्या गाडीपाशी गेले. उघड्या खिडकीतून प्रतापचा आवाज ऐकू येत होता. एवढ्या पसाऱ्यात नेमक्या याच खुर्च्या आपल्या नजरेत कशा भरल्या, ते तो सिरीलला रंगवून सांगत होता.

सेलीनने डिकी बंद केली आणि कंबरेवर हात ठेवला.

"नेक्स्ट टाइम खांबापर्यंत खुर्च्या तू आणायच्या," ती म्हणाली. "डॅडींची नजर चुकवून दोन्ही एकटीने ओढल्या मी, कंबर अजून दुखतेय."