जिथे माकडं मरत नाहीत

भावाच्या काजूच्या बागेत ताजी माती दिसताच डॉ. शाल्मली परब थबकली. काठीने उकरलं तर खाली मेलेलं माकड होतं.

गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापाच्या संशोधनात तिची उमेदीची वर्षं गेली होती. जंगलात माकडं मेली की पाठोपाठ माणसं आजारी पडतात, म्हणून मेलेलं माकड लगेच कळवा, असं तीच गावोगाव सांगत फिरली. लोक कळवायचे, आणि ऐन हंगामात संसर्ग टाळायला त्यांच्याच बागा बंद व्हायच्या. मग कळवणं थांबलं. यंदा तिच्या माहेरच्या गावात एकही माकड मेल्याची नोंद नव्हती.

"दादा, तूच पुरलंस ना?" तिने घरी येऊन विचारलं.

"तुका सांगितला असता तर बाग बंद केली असतंस. मगे खावचा काय?"

घरात वहिनी भर दुपारी गोधडीत कुडकुडत होती. शाल्मलीने रुग्णवाहिका बोलावली.

"शेजारची सुलभापण तापान निजली हा," वहिनी पुटपुटली.

शाल्मली धावली, पण शेजारचं दार बंद होतं.

"आमच्याकडे सगळी बरी आसत," आतून सुलभाच्या सासूचं उत्तर आलं.

ती कडी वाजवत राहिली. तिला दार फोडता येत नव्हतं आणि परतही जाता येत नव्हतं. ही दारं आपल्याच सांगण्याने बंद झाली, हे तिला कळत होतं.

मागून दादा आला. दाराला तोंड लावून म्हणाला, "उघड गे. माझ्या बागेत माकड मेला. मीच पुरलंय. आता माझ्या बायलेक ताप इलो हा."

 मग आतली कडी सरकली.