आरशात कोण

डांबरावर आणि माळरानातही पळणारी गाडी घेतली, म्हणून दुपारी घरात बसून तसल्या गाडीवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपात शिरलो. "मी शिंगणापूरचा कानिफनाथ," असं लिहून अंगणातल्या गाडीचा फोटो टाकला.

पारनेरच्या प्रशांतनं विचारलं, "गाडी लई भारी. आरशात फाटकापाशी कोण उभं हाय?"

फोटो मोठा करून पाहिला. आरशात फाटक होतं, माणूस नव्हता.

खाली पूजा नावाच्या मेंबरनं लिहिलं, "फाटकापाशी कुठं? तो तर पायरीवर आहे."

मी फोटो डिलीट केला. लगेच प्रशांतचा मेसेज आला, "दादा, फोटो का काढून टाकला? तो आत शिरत हुता."

जन्मात पहिल्यांदा दार लावावंसं वाटलं. आमच्या घराला दार नाही, चौकटीला नुसता पडदा आहे.

वारा पडलेला होता, तरी पडदा आत फुगला.