माहेरचे नाव

विवाहसमयी मी पत्नीचे गोदावरी हे जुनाट नाव पालटून, ताटातील तांदळात साक्षी असे लिहिले. तेव्हापासून तिने माझ्याशी मनमोकळे भाषण केलेले नाही. तिची मर्जी परत मिळावी, या हेतूने मी तिला अहमदपूरहून समुद्रदर्शनार्थ रत्नागिरीस आणले. जिल्ह्याबाहेर तिचे हे पहिलेच पाऊल होते.

किनाऱ्यावर होडीवाल्याने तिला हात दिला. "ये गोदा, सांभाळून."

"हिचं नाव तुला कसं म्हाईत रे?" मी दरडावून विचारले. तो केवळ हसला.

खानावळीत वाढणाऱ्या बाईने तिच्या ताटात सुरमईचा जादा तुकडा घातला. "खा गो गोदा, किती वाळलीस!"

पत्नी माळकऱ्यांच्या घरातील. तरीही तिने सराईतपणे काटे वेगळे केले आणि मासा चवीने खाल्ला.

"हे लोक वळखतेत का तुला?"

"हाव," ती म्हणाली. "तुम्हालाच तेवढी वळखू येईना."

भोजनोत्तर ती एका कौलारू घरांच्या गल्लीत शिरली. मी "साक्षी, साक्षी" अशा हाका मारीत मागे धावलो. तिने वळून पाहिले नाही. एका घराच्या दाराच्या फटीतून हात घालून तिने आतली कडी न पाहताच काढली आणि दार लावून घेतले.

मी दार ठोठावले. तिनेच ते उघडले. तिने मला आपादमस्तक न्याहाळले. त्या दृष्टीत आज प्रथमच माझ्याविषयी राग नव्हता.

"आये," ती आत वळून म्हणाली, "कोन परका मानूस आलाय गो दारात."