डाव्या बाजूचं शिंग

"खोक कशी पडली ते सांगू नका," मिस्त्री म्हणाला. "कधीपर्यंत पाहिजे तेवढं सांगा."

काम घेऊन आलेल्या मास्तरने उघडलेलं तोंड मिटलं. टेबलावर जुन्या मोटारीचा सगळा साज पसरला होता. दारांच्या मुठी, दिव्यांच्या रिंगा, पुढचा बंपर आणि बंपरवर उभी राहणारी दोन पत्र्याची शिंगं. सगळं गंजलेलं, एक शिंग चेपलेलं.

खोकेचं कारण विचारायचं नाही आणि ऐकायचंही नाही, हा मिस्त्रीच्या उस्तादाचा नियम. गिऱ्हाईक खोटं बोलतं आणि आपलं डोकं कामातून उठतं. क्रोमचा मुलामा चढवायच्या टाकीशी पंचवीस वर्षं घालवली, पण मिस्त्रीने हा नियम मोडला नव्हता.

"दोघांकडे जाऊन आलो," मास्तर म्हणाला. "एकाचा भाव ऐकून वाटलं, गाडीच त्याला देऊन पायी घरी जावं. दुसऱ्याने शेजाऱ्याचं काम स्वस्तात केलं आणि तीन महिन्यांत पापुद्रे निघाले. तुमच्याकडे स्वस्तही होतं आणि टिकतंही, असं कळलं."

"स्वस्त होतं, कारण पगार खाणारा कुणी नाही. टिकतं, कारण तांब्याचा थर मी चुकवत नाही. बाकीचे चोर लोखंडावर निकेलचा हात फिरवतात आणि वर क्रोमची फुंकर मारतात. वरून नवरदेव, आतून गंज."

"वडिलांची गाडी आहे हो. गेल्या वर्षी एकदाच बाहेर काढली होती. तेव्हापासून झाकूनच ठेवलीय."

"तीन आठवडे," मिस्त्री म्हणाला. "इथेच येऊन बसवून घ्या."

सुटे भाग टाकीत टांगायला तार बांधायचं काम धाकटा भाऊ करायचा. पूर्वी चकाकी आणायच्या बफिंगच्या चाकावर तोच उभा राहायचा. आता उभं राहणं संपलं होतं. तो खुर्चीत बसून मांडीवर एकेक तुकडा घ्यायचा.

"दादा, या बैलाचं डावं शिंग मोडलंय," तो म्हणाला.

"तू तार बांध. बैलाची चौकशी नको."

शिंगाची अर्धगोल कड खरंच चेपली होती, आणि पत्रा फाटून मधोमध एक दात बाहेर आला होता. तेजाबातून काढून पुसताना तो कडेसकट मिस्त्रीच्या तळहातात घुसला. रक्त थांबेना. धाकट्याने चिंधी बांधली आणि म्हणाला, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाइकाने तुला काही जास्तीचं दिलं."

मिस्त्रीने दात कापला, कड ठोकून सरळ केली, पितळ भरलं, घासलं. मग तांबं, निकेल, क्रोम. डोळ्याला दोष दिसेनासा झाला तरी त्याचं बोट दोष शोधत राहायचं. बोटाला सापडेनासा होईपर्यंत तो घासत राहिला.

संध्याकाळी तो धाकट्याच्या पायाला तेल चोळायचा. रस्त्यात धडक देऊन गाडी पळून गेली होती; मार गुडघ्याखाली बसला होता, मागून. धाकट्याने काहीच पाहिलं नव्हतं. टपरीवाला म्हणाला ट्रक होता, म्हणून हवालदाराने ट्रक लिहिला आणि मिस्त्रीने अकरा महिने ट्रकतळावर जाऊन एकेका ट्रकचं नाक तपासलं. ड्रायव्हर त्याला वेडा म्हणायचे. म्हणोत.

"महिनाअखेरीला फाईल बंद होणार," हवालदाराने परवाच सांगितलं होतं. "मार लागलेली गाडी दाखव, मालकाला लगेच आत घालतो. नुसतं रडून काही होत नाही."

पोटरीवरच्या वणापाशी हात आला की मिस्त्री मान फिरवायचा. अकरा महिन्यांत त्याने तो वण धड पाहिला नव्हता. धाकटा मात्र त्याला चंद्र म्हणायचा. "अर्धाच आहे अजून. पौर्णिमा होईपर्यंत चोळ."

"माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस सापडू दे. मग हास किती हसायचं ते."

"नाही सापडला तर काय, तोपर्यंत रडत बसू?"

तीन आठवड्यांनी मास्तर गाडी घेऊन दारात आला. त्याने बंपरवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मिस्त्री, तुमचे हात सोन्याचे आहेत." सोबत आणलेला मेकॅनिक बंपर बसवायला खाली वाकला.

"दुपारीच तेल लाव आज," आतून धाकटा ओरडला. "पाय ठणकतोय."

मिस्त्री आत गेला. हात तेलकट होणार म्हणून त्याने तळहातावरची चिंधी सोडली. जखम भरली होती. गुलाबी अर्धगोल, आणि मधोमध दाताचा टोचा. त्याने पोटरी हातात घेतली आणि मान फिरवायची राहून गेली. वणही अर्धगोल होता. मधोमध टोचा. त्याने तळहात वणाशेजारी धरला. मग वणावर ठेवला. कड कडेवर बसली, दात दातावर.

"काय रे दादा? चोळ ना."

मिस्त्री मागच्या दाराने पळत सुटला. चौकीवर त्याच्या तोंडून दोनच शब्द निघाले, "गाडी सापडली."

हवालदार धावत आला, मागून बघे आले. बंपर बसला होता. गर्दी पाहून मास्तर बाजूला सरकला. "कुठे लागलंय, दाखव," हवालदार म्हणाला.

मिस्त्रीने डाव्या शिंगावर बोट ठेवलं. वरून खाली फिरवलं. पुन्हा वर नेलं. कुठेही अडलं नाही.

हवालदाराने वाकून शिंगात पाहिलं. आपलाच चेहरा दिसला, तशी त्याने टोपी सारखी केली. "ओरखडासुद्धा नाही," तो म्हणाला. "मास्तर, कुणाकडून करून घेतलंत हो एवढं सुरेख काम?"

मास्तरने कौतुकाने मिस्त्रीकडे बोट दाखवलं.